मूठ आपली आपण करावी

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, गुण दोन. मुलंही ठरलेलं उत्तर लिहायची, 'ज्याला काम येत नाही तो साधनाला नावं ठेवतो.' उत्तर बरोबर, गुण द्यावेच लागायचे. पण अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं आणि नाचणाऱ्याचे पाय उगाच बदनाम होतात, त्याचं काय? हा प्रश्न कुठल्या प्रश्नपत्रिकेत आलेला मला आठवत नाही. म्हणून तो आज इथे घेते.

विषय आहे रंध्याची मूठ. हसू नका मंडळी! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ नुसती लाकडाची आहे, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. ते एका वाक्यात सांगायचं तर असं की, हत्यार खुशाल बाजारातून आणा, पण त्याची मूठ आपल्या हाताच्या मापाने घडवा, आणि शक्य तर ती स्वतःच घडवा.

आमच्या भाचरंडांपैकी निम्म्यांनी रंधा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. लाकडाचा ओबडधोबड पृष्ठभाग तासून सपाट करायचं हे हत्यार. साध्या रंध्यात लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात तिरपी खाच, खाचेत पातं आणि पातं हलू नये म्हणून ठोकलेली पाचर. बस्स, एवढंच. रंधा लाकडावरून रेटला की कागदासारखा पातळ पापुद्रा गुंडाळत वर येतो. लोखंडी रंध्यात ठोकळ्याच्या जागी बिडाचा तळ असतो, पातं वरखाली करायला पितळी चाक असतं, मागे धरायला मूठ आणि पुढे दाबायला लाकडी गोळा. हा घाट अमेरिकेतल्या लिओनार्ड बेलीचा. १८६९ साली स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढे तो घाट जगभर गेला. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे लोखंडी रंधे बहुतेक त्याच वळणाचे.

आता तुम्ही विचाराल, मराठीच्या बाईंना हे सगळं कुठून ठाऊक? त्याला कारण कार्यानुभव. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेत कामाचा अनुभव हवा असं सांगितलं. पुढे १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भारदस्त नाव दिलं. नावं बदलत गेली, पण आमच्या शाळेत तो तास शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटीच राहिला. सुतारकाम शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून तो तास माझ्या गळ्यात पडला. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. मी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना विनंती केली आणि ते दर शनिवारी येऊ लागले. शिकवणारे ते आणि मुलांबरोबर शिकणारी मी.

शाळेने सहा लोखंडी रंधे आणले होते, सगळे एका मापाचे. मुलं बारा-तेरा वर्षांची. दुसऱ्याच शनिवारी हातांना फोड आले. मुलगे ते फोड एकमेकांना पदकासारखे दाखवत होते. मुली मात्र एकेक करून बाजूला जाऊन बसल्या. त्यातली एक मला म्हणाली, "बाई, आमचा हात रंध्याला चालत नाही."

हे वाक्य नीट वाचा. रंधा माझ्या हाताला चालत नाही, असं ती म्हणाली नाही. माझा हात रंध्याला चालत नाही, असं म्हणाली. म्हणजे दोष हाताचा!

मिस्त्री म्हणाले, "हात दाखव गं पोरी." जोशीबुवा बघतात तसा त्यांनी तिचा हात उलटा-सुलटा करून बघितला. मग तिला रंधा धरायला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ही मूठ गड्याच्या हाताची हाय. पोरीची तीन बोटं हिच्यात खुळखुळत्यात. हात काय करील?" त्यांनी मागचा स्क्रू काढला, मूठ सोडवली, भरड कानशीने दोन्ही अंगांनी उतरवली, वरचं शिंग थोडं कापलं आणि परत बसवली. अर्धा तास लागला असेल. त्या मुलीने रंधा रेटला तेव्हा पापुद्रा सलग निघाला. फार मोठा चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. ती काही सुतार झाली नाही. पण त्या दिवसानंतर ती बाजूला जाऊन बसली नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पुढच्या शनिवारी बाकीचे रांग लावून उभे. "मामा, माझी पण!" मिस्त्रींनी कानस त्यांच्याच हातात दिली.

त्यांचा स्वतःचा रंधा बाभळीचा होता. अंगठा टेकायचा तिथे लाकडाला बोटभर खळगी पडलेली. मी विचारलं, केवढ्याला घेतला? तर हसले. "बाई, रंधा म्या केला. पातं तेवढं इकत घेतलं."

मला वाटतं, सगळी गोम या उत्तरात आहे. हाताच्या मापाची मूठ म्हणजे काहीतरी चैन, हौशी लोकांचे लाड, असं आपल्याला वाटतं. खरं तर उलट आहे. पूर्वी तीच रीत होती. सगळ्यांना एका मापाची, साच्यातून काढलेली मूठ ही अलीकडची पाहुणी आहे. गावच्या सुताराने केलेल्या वस्तूंकडे बघा. नांगराचं रुमणं धरणाऱ्याच्या उंचीला जुळतं का ते बघून बसवायचं. कुऱ्हाडीचा दांडा, खुरप्याची मूठ, जात्याचा खुंटा, सगळं धरणाऱ्याच्या हाताला. माझ्या सासूबाई खुंटा हाताला लागतो म्हणून सुताराकडे परत पाठवायच्या आणि तो गुपचूप तासून द्यायचा. लाटण्याचंच घ्या ना. चार सुना असलेल्या घरात चार लाटणी असतात आणि एकीचं दुसरीला चालत नाही. तिथे कुणी म्हणत नाही, की हिला पोळ्या येत नाहीत म्हणून लाटण्याला नावं ठेवते. (म्हणतही असतील! पण लाटणं बदलून मिळतं.)

याचा अर्थ बलुतेदारी परत आणा असा कृपया काढू नका. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात त्या व्यवस्थेतली कामं, हक्क आणि कटकटी तपशिलाने आल्या आहेत. जन्माने कामाला बांधलेल्या माणसाचं सुख मला कुणाला विकायचं नाही. जुनं ते सगळं सोनं नसतं. पण हत्यार हाताला जुळवून घ्यायची समज त्या काळात सुताराला होती आणि गिऱ्हाइकालाही होती. व्यवस्था गेली ते चांगलंच झालं, समज का जावी?

बाजारातल्या मुठीत नेमकं काय चुकतं तेही सांगते, म्हणजे मी उगाच कुरकुर करते असं वाटायला नको.

पहिलं म्हणजे माप. रंधा धरताना चार बोटांची मूठ वळायची नसते. मधलं, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटं मुठीभोवती, आणि तर्जनी पुढे सरळ, पात्याच्या अंगाने, दिशा दाखवल्यासारखी. म्हणजे मुठीची पोकळी तीन बोटांची हवी. माझी तीन बोटं मिळून सव्वादोन इंच भरतात, मिस्त्रींची पावणेतीन भरायची. दोघांना एकच मूठ कशी चालेल? पोकळी कमी पडली तर करंगळी खाली बिडावर घासते. जास्त झाली तर हात वरखाली सरकतो, आणि सरकणाऱ्या हाताला फोड येतात.

दुसरं म्हणजे आकार. स्वस्तातल्या मुठी फळीतून कापून कडा नावापुरत्या गोल केलेल्या असतात. त्या चपट्या बाजूंच्या कडा तळहातात रुततात. प्लॅस्टिकच्या मुठींना साच्याचा सांधा असतो, तो घामेजल्या हाताला करवतीसारखा लागतो.

तिसरं कारण मला फार उशिरा सुचलं. हा लोखंडी रंधा कमरेएवढ्या उंच टेबलाशी उभं राहून काम करणाऱ्यासाठी घडला. आपले सुतार कित्येकदा जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करतात. उभ्या माणसाचा जोर वरून तिरका येतो. बसलेल्याचं कोपर लाकडाच्या जवळ येतं आणि जोर आडवा लागतो. मग पुढे झुकलेल्या मुठीवर मनगट वाकतं. दिवसभर वाकडं मनगट ठेवून काम केलं तर संध्याकाळी घास उचलताना कळतं. जपानी सुतारही पिढ्यान्‌पिढ्या बसून काम करत आले, पण त्यांचा रंधा ढकलायचा नसतो, स्वतःकडे ओढायचा असतो, आणि त्याला मूठच नसते. ज्याची जशी बैठक तसं त्याचं हत्यार. आपण मात्र बैठक आपली ठेवली आणि मूठ परक्याची घेतली.

आपल्या देशातल्या माणसांची मापं कुणी घेतलीच नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने (एनआयडी) १९९७ साली प्रा. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांवरचं जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केलं. खुर्ची, टेबल, हत्यारं आपल्या माणसांच्या मापाने करता यावीत हाच त्याचा हेतू. पण सरासरी ही शेवटी सरासरी. सरासरी हात घेऊन कुणी जन्माला येत नाही.

तर आता मूठ करायची कशी? मिस्त्रींकडून शिकले आणि पुढे स्वतः करून पाहिलं ते सांगते.

आधी हाताचं माप मातीत घ्यायचं. आमच्या इथून रांजणगावचा महागणपती जवळच, आणि भाद्रपदात गणपतीची शाडू माती मिळते. तिचा गोळा करून, रंधा धरल्यासारखी तीन बोटं वळून तो दाबायचा. माती नसेल तर घट्ट कणीकही चालते. दाबलेल्या गोळ्यावर बोटांच्या खाचा, तळहाताचा फुगवटा, अंगठ्याची बैठक सगळं उमटतं. त्या खाचा लाकडात जशाच्या तशा मात्र कोरायच्या नाहीत. काम करताना हात थोडा हलायला हवा, खाचेत अडकलेला हात लवकर दमतो. गोळ्यावरून फक्त उंची, जाडी आणि झुकाव एवढंच घ्यायचं. त्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापायचा. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे यासाठी उत्तम!

मग लाकूड. एक-सव्वा इंच जाडीचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर नमुना ठेवताना लाकडाच्या रेषा रंध्याच्या तळाला समांतर, आडव्या ठेवायच्या. रेषा उभ्या ठेवल्या तर मुठीचं वरचं शिंग पहिल्याच पडण्यात तुटतं. आडव्या रेषांमुळे मूठ कमरेत थोडी कमजोर राहते हे खरं, पण मधून लोखंडी सळई जाते, ती लाकूड दाबून धरते. म्हणून वरची चकती ढिली होऊ द्यायची नाही. बहुतेक मुठी ढिलेपणामुळेच मोडतात.

भोक आधी आणि आकार नंतर, हा नियम पाठच करा. तुकडा चौकोनी असतो तोवर गुण्या लावता येतो, भोक सरळ जातं. आकार दिल्यावर गुण्या टेकायला जागा उरत नाही. सळईचा कोन रंध्याच्या तळानेच ठरवलेला असतो, तो आपल्या हातात नाही. पण सळईभोवतीचं लाकूड कुठे जास्त आणि कुठे कमी ठेवायचं ते आपल्या हातात असतं. बसून काम करणाऱ्याने मूठ जरा उभट ठेवावी.

करवतीने बाह्याकार कापला की भरड कानशीने गोलाई द्यायची. मूठ पूर्ण गोल करायची नाही, अंड्यासारखी लांबट ठेवायची. गोल दांडा हातात फिरतो, लांबट फिरत नाही. जाडी किती? मूठ वळल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या बुडापाशी यावं, पण तळहातात रुतू नये. इतकं साधं माप आहे.

आणि आता माझी स्वतःची भर. मिस्त्री डोळे मिटून हाताने चाचपायचे. मला ते जमेना, म्हणून मी शिक्षकी हत्यार वापरलं. खडू! तळहाताला खडू चोळायचा, मूठ घट्ट धरायची आणि सोडायची. जिथे पांढरा डाग दाट उमटला तिथे लाकूड हाताला टोचतंय. तेवढंच घासायचं. पुन्हा खडू, पुन्हा धरायचं. पांढरं सगळीकडे सारखं पसरलं की थांबायचं. मिस्त्री बघून म्हणाले होते, "बाईंचा फळा हितं बी सुटंना!"

शेवटी पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. व्हार्निश लावू नका, चकचकीत थरावर घामेजला हात घसरतो आणि तापतो. जवसाचं तेल फडक्याने चोळून मुरवा, वरचं पुसून टाका, दोन दिवसांनी पुन्हा. एक सावधगिरी मात्र पाळाच. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून उन्हात वाळवा आणि मगच टाका.

लाकूड कुठलं? शिसव मिळाली तर सोन्याहून पिवळं. जुन्या स्टॅन्ले रंध्यांच्या मुठीही शिसवीच्याच जातकुळीच्या असत. नवी शिसव शोधत बसू नका, जुन्या पलंगाचा पाय, मोडक्या खुर्चीचा हात बघा. साग चालतो, पण हलका. बाभूळ चिवट, मात्र चांगली वाळलेली हवी, नाहीतर तडकते. आणि जिला आपण सगळे शिव्या देतो ती वेडी बाभूळ! बांधावर, ओढ्याला माजलेली, चुलीत घालायची. तिचं लाकूड घट्ट असतं आणि वाळताना फारच कमी आकसतं. मुठीला याहून चांगलं काय हवं? काटे सांभाळून काढा म्हणजे झालं, तो काटा फार ठणकतो.

आमच्या कारेगावाला लागून औद्योगिक वसाहत आहे. फियाट, एलजी, व्हर्लपूल सगळे इथे आजूबाजूला. त्यामुळे नगर रस्त्याच्या कडेला खोक्यांचं आणि पॅलेटचं भंगार लाकूड ढिगांनी दिसतं. बहुतेक पाइन. फळ्या, खोकी करायला छान, पण मुठीला मऊ, नख दाबलं तरी उमटतं. परदेशातून आलेल्या खोक्यांवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि शेजारी अक्षरं छापलेली असतात. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते वापरायला हरकत नाही. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. रोज हातात धरायच्या वस्तूला आणि मुलांच्या कामाला ते नको.

आता आक्षेपांकडे येते. आमचे धाकटे दीर म्हणतील, "वहिनी, आता विजेचा रंधा आहे, प्लायवूड आहे, कोण हाताने रंधतंय?" भाऊजी, मान्य. आमच्या गावातले तरुण मिस्त्रीही सनमायका चिकटवण्यातच जास्त असतात. पण पावसाळ्यात दार फुगलं की शेवटी हातरंधाच निघतो. आणि विजेच्या यंत्राला मूठ असतेच की! फरक एवढाच, की ती कानशीने घासता येत नाही. हातरंधा हे बहुधा शेवटचं हत्यार आहे, जे कामगार स्वतःच्या हाताने स्वतःच्या हाताजोगं करू शकतो. ते जाण्याआधी त्यातून शिकायचं ते शिकून घ्यावं.

मघाची ती विद्यार्थिनी आता चाळिशीच्या पुढे आहे. एका कारखान्यात जोडणीच्या ओळीवर काम करते. मागच्या वर्षी भेटली तेव्हा सांगत होती, की वर टांगलेलं स्क्रू मारायचं यंत्र उंच माणसाच्या हिशोबाने लावलं होतं आणि तिचा खांदा धरायचा. तिने सुपरवायझरला जाऊन सांगितलं, "सर, हे चार इंच खाली घ्या." घेतलं. तिच्या आधी त्या जागी काम केलेल्या दोघी खांदा चोळत गप्प राहिल्या होत्या. तिचं धाडस आमच्या रंध्यामुळेच आलं असा दावा मी करणार नाही. पण दुखतंय ते माझ्या खांद्यामुळे की यंत्राच्या उंचीमुळे, हा प्रश्न तिला पडला हे महत्त्वाचं. तो प्रश्न लहानपणी एकदा पडून गेलेला बरा.

दुसरा आक्षेप असा, की पूर्वीचे कारागीर मिळेल त्या हत्याराने काम करायचे. तसं नाही हो. मिळेल ते हत्यार ते आधी आपलं करून घ्यायचे, आणि ते काम आपल्याला दिसत नसे.

तिसरा आक्षेप मीच घेते. एकदा केलेली मूठ जन्मभर पुरते का? नाही. पन्नाशीत केलेली माझी मूठ मला आता सत्तरी उलटल्यावर चालेना. सांधे सुजलेले, बोटं पुरती मिटत नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी नवी केली, चांगली जाडजूड. आता पंधरा मिनिटं सलग रंधता येतं, आधी पाचात हात सोडावा लागे. हात बदलतो, तशी मूठ बदलावी. ती आपली आपल्याला करता येत असेल तर बदलणं अवघड नाही.

म्हणूनच मला दोन ठिकाणी हे सांगावंसं वाटतं.

एक शाळेला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्यात मुलांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावं अशी कल्पना आहे आणि त्या यादीत सुताराचं नाव पहिलं आहे. फार आनंदाची गोष्ट. करून शिकण्याची वाट आमच्या शिरूर तालुक्याला नवीही नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचाराने, आणि तिथला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय कितीतरी शाळांत आठवी ते दहावीला पोहोचला. माझं म्हणणं एवढंच, की त्या दहा दिवसांतल्या सुतारकामात पहिली वस्तू फोटोफ्रेम नको. पहिली वस्तू मूठ असू द्या, ज्याच्या त्याच्या हाताची. रंध्याची मोठी वाटत असेल तर कानशीची करा, कानशीलाही मूठ लागतेच. पहिल्याच दिवशी हाताला फोड आले तर मूल एवढंच शिकतं की हे काम आपलं नव्हे. आणि मुली ते फार लवकर शिकतात, कारण घरीदारी त्यांना आधीच तसं सांगितलेलं असतं.

दुसरं सरकारला. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतार आहेत. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये भत्ता आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये अशी सोय त्यात ठरवली. चांगलंच आहे. पण पंधरा हजारांचं अवजार हाताला लागत असेल तर ते पोत्यात पडून राहणार. त्या प्रशिक्षणात एक दिवस, नाहीतर निदान अर्धा, फक्त मुठींना द्यावा. त्याला वेगळा निधी नको. प्रत्येकी वाळलेल्या बाभळीचा वीतभर तुकडा, एक भरड कानस आणि एक खडू एवढ्यात भागतं.

असो. लेख बराच लांबला, सवय जात नाही. जाता जाता गृहपाठ देते. घरातलं रोजच्या वापरातलं एखादं हत्यार घ्या, विळी, हातोडी, खुरपं, काहीही. तळहाताला खडू चोळा आणि ते घट्ट धरून सोडा. डाग कुठे उमटला ते बघा. आणि तुमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या हातचा एखादा रंधा, वाकस किंवा करवत पडून असेल, तर तिची मूठ धरून बघा. तुमच्या हाताला बसते का? नसेल बसत तर कुठे अडते? मला जरूर लिहा. मापं इंचात दिलीत तरी चालतील, पण डावखुरे असाल तर तसं सांगा. डावखुऱ्यांच्या मुठीचा विषय मोठा आहे, तो पुढच्या वेळी घेऊ.